भिंतीतलं काम

विटेचा भुगा नाकातोंडात जाऊ नये म्हणून धाकटीनं तोंडावर फडकं बांधलं होतं, तरी तो जायचाच. थुंकली की थुंकी लाल यायची. पहिल्या दिवशी ती घाबरून गेली होती. नवरा म्हणाला, "रक्त नाही गं, वीट आहे. घर बांधणारा वीट खातो आणि राहणारा तूप." आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं. नवऱ्यानं निळ्या भुकटीत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर मारलेल्या दोन रेघा, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडा, आणि रेघांच्या मधली वीट फोडत वरून खाली यायचं. ही झिरी. तिच्यात पाइप बसणार, पाइपात तारा जाणार, वरून सिमेंट, त्यावर प्लॅस्टर, रंग. मग भिंत अशी दिसणार की आत काही नाहीच.

"रेघेबाहेर टवका उडू देऊ नकोस," शिडीवरून नवरा म्हणाला. "झिरी रुंद झाली की सिमेंट जास्त लागतं, आणि सिमेंट जास्त लागलं की दादा बडबडतो."

"दादा सिमेंट न लागताही बडबडतात," ती म्हणाली.

तो हसला. काम सुरू असलं की तो हसरा असायचा. पाइप वाकवताना त्यात वाळू भरायचा, जाळावर धरायचा, गुडघ्यावर ठेवून हळूच वळवायचा. पाइप कुठं चेपला नाही की शीळ घालायचा. आसपासच्या वस्त्यांतली निम्मी घरं त्यानं उजेडात आणलेली होती. पूर्वी लोक भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून तिच्यावरून तार न्यायला सांगत. हल्ली कुणालाच तार दिसलेली चालत नव्हती. "आधी लोक वीज मिरवायचे," तो म्हणायचा, "आता चोरीचा माल असल्यासारखे लपवतात."

घर त्याच्या थोरल्या भावाचं होतं. जागा बापाची, म्हणजे दोघांची. पण जुनं घर पाडून नवं उभं करायची ताकद थोरल्यात होती. त्याच्याकडे माल वाहणाऱ्या गाड्या होत्या. बोलणं म्हातारीच्या समोर झालं होतं. वीट, सिमेंट, लोखंड थोरल्याचं. विजेचं सगळं काम धाकट्याचं, शिवाय गवंड्याच्या हाताखाली नवरा-बायको दोघांनी राबायचं. आणि मागच्या दोन खोल्या धाकट्याच्या.

"लिहून घ्या काहीतरी," तेव्हा धाकटी नवऱ्याला आडोशाला म्हणाली होती.

"सख्ख्या भावाकडून?" तो म्हणाला होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिलाच लाज वाटली होती.

घर होईपर्यंत थोरला आणि थोरली गावातच भाड्याच्या घरात राहायला गेले. धाकटा, धाकटी आणि म्हातारी जागेच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड घालून राहिले. त्या वर्षी ऊन असं पडलं की दुपारी शेडमधल्या भांड्याला हात लागला तर चटका बसायचा. म्हातारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बांधकामाच्या सावलीत बसायची. धाकटी भिंतींवर पाणी मारायची, गवंड्याला सिमेंटचा मसाला द्यायची, आणि प्लॅस्टरच्या आधी झिऱ्या मारायची. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख दोनदा काळं पडून गळलं. हातोडा चुकला की नवरा शिडीवरून उतरायचा, तिचा अंगठा स्वतःच्या ओंजळीत धरून पाण्यात बुडवायचा, आणि परत चढायचा.

पुढच्या खोल्यांचं थोरल्यानं एकेक सांगितलं. हा मोठा दिवाणखाना, इथं टीव्ही, इथं दोन्ही बाजूंना दिवे, पलंगाच्या उशाशी दोघांसाठी वेगवेगळी बटणं. थोरली मागून म्हणायची, "अहो, आणि इस्त्रीसाठी?" की इस्त्रीसाठी. धाकटा खडूनं भिंतीवर फुल्या मारत जायचा. झिरी मारून झाल्यावर एखाद वेळी थोरली यायची आणि म्हणायची, "अगं, हे बोर्ड जरा इकडे घेतलं तर? कपाटाच्या मागं जाईल नाहीतर." धाकटी मुकाट्यानं जुनी झिरी बुजवायची आणि हातभर अंतरावर नवी मारायची.

मागच्या खोल्यांची वेळ आली तेव्हा मात्र थोरला आला नाही. "तुझं तू बघ," असंही म्हणाला नाही. आलाच नाही. नवऱ्यानं तो त्याचा मोठेपणा धरला.

"बोल," तो धाकटीला म्हणाला. हातात खडू घेऊन तो रिकाम्या खोलीत मालकासारखा उभा होता. "कुठं काय पाहिजे?"

तिला एकदम सुचेना. आजवर कुणी तिला असं विचारलं नव्हतं. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हात वर केला. "बोर्ड इथं. माझा हात पुरेल इथं. सगळ्यांच्या घरी मला टाचा वर कराव्या लागतात." ती बुटकी होती. त्यानं तिच्या बोटांच्या खाली फुली मारली. ओट्याशी मिक्सरसाठी एक पॉइंट. खिडकीपाशी दिवा, तिथं बसून शिवता येईल. आतल्या खोलीत म्हातारीची खाट, आणि खाटेवर पडल्या पडल्या दाबता येईल असं दिव्याचं बटण.

ती बाहेर सावलीत बसलेल्या म्हातारीला सांगायला गेली. "आई, तुमच्या उशाशी बटण ठेवलंय हं. उठून चाचपडायला नको."

म्हातारीनं पंचा पिळला, पुन्हा डोक्यावर ठेवला. "बरं," ती म्हणाली, आणि उठून उगाच शेडमध्ये गेली.

त्या दोन खोल्यांच्या झिऱ्या धाकटीनं अशा मारल्या की नवऱ्यानं पाइप ठेवला आणि तो न ठोकता बसला. "छापल्यासारखी आहे," तो म्हणाला. संध्याकाळी अंग धुताना ती गुणगुणत होती.

प्लॅस्टर सुकत आलं तसा एक दिवस नवरा हसतच शेडमध्ये आला. "ऐकलंस? दादा म्हणतो, मागच्या खोल्यांना मीटर वेगळं घ्यायचं. मी मागणार होतो, पण जीभ रेटत नव्हती. त्यानं आपणहून सांगितलं. आणि म्हणतो, तार जाड ओढ, हलकी नको."

"जाड कशाला?" तिनं विचारलं.

"पुढं-मागं फ्रिज घेऊ, काय काय घेऊ. माणसानं लांबचं बघावं."

"आपल्याकडे आहेत दोन दिवे आणि एक पंखा. त्याला जाड तार?"

"तुला ना, चांगल्यातही काडी दिसते," तो म्हणाला.

काडी दोनच दिवसांनी दिसली. थोरली आपल्या भावाला घेऊन आली. हा मेव्हणा उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्यानं मागच्या खोल्यांत पावलं टाकून लांबी मोजली. "इथं दोन फ्रीजर. इथून गाडी मागं लागेल. आईस्क्रीमचा माल उतरवायला सोपं." मग त्याची नजर बोर्डाच्या डब्याकडे गेली. "हे एवढं खाली का घेतलंय? फरशी धुताना पाणी उडेल. वर घ्या हे."

धाकटी बादली घेऊन दारात उभी होती. तिनं बादली खाली ठेवली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "हे आमचं आहे ना?"

थोरली म्हणाली, "अगं, यांनी सांगितलं नाही का तुम्हाला? मला वाटलं, सांगितलं असेल." आणि भावाकडे वळून म्हणाली, "चल, पुढचं दाखवते."

त्याच दिवशी दुपारी थोरला आला. बहुतेक थोरलीनंच पाठवलं असावं. शेडमध्ये वाकून शिरावं लागायचं, म्हणून तो दाराशीच उभा राहिला. धाकटा जेवत होता, तो ताट बाजूला सारून उठला.

"बस, जेव," थोरला म्हणाला. "हे बघ, मेव्हण्याचा धंदा अडलाय. त्याला जागा दिली नाही तर तिच्या माहेरी मला तोंड दाखवता येणार नाही. तुम्हाला काय कुणी रस्त्यावर काढलंय का? शेड आहे. तिला चांगले पत्रे घालू. वरचा मजला चढवला की तो तुझाच. अख्खा."

"वरचा मजला कधी चढणार?" धाकटीनं विचारलं.

थोरल्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "मी माझ्या भावाशी बोलतोय."

"आईसमोर बोलणं झालं होतं, दादा," धाकटा म्हणाला. त्याच्या हाताला अजून खरकटं होतं. तो हात त्यानं अंगापासून लांब धरला होता.

सगळ्यांनी म्हातारीकडे बघितलं. ती भांड्यांपाशी बसली होती. "मला म्हातारीला काय कळतं," ती म्हणाली. "भांडू नका म्हणजे झालं. तो म्हणतोय ना, वरचा मजला देतो."

"आई, तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

म्हातारी एक भांडं उचलून पुसायला लागली. ते भांडं पुसलेलंच होतं.

थोरला गेल्यावर म्हातारी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला पुढच्या खोलीत खाट देणार आहे. या वयात पत्र्याखाली किती दिवस काढू?" पत्र्याखालचं ऊन धाकटीलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली नाही. नवरा गेला. बोर्ड वर घ्यायचं म्हणून तिच्या झिरीचं खालचं टोक बुजवून त्यानं बोर्डाच्या नव्या जागेपाशी हातभर नवी मारली. हे काम तिचं होतं. त्याच्या हातून झिरी वेडीवाकडी झाली. छिन्नीचा आवाज शेडमध्ये ऐकू यायचा आणि ती ओठ आवळून बसायची. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासाठी पाणी घेऊन गेली. तो मागच्या खोलीत पोलादी तारेला वायरींची टोकं बांधून पाइपातून ओढत होता. एरवी एका टोकाला ती वायर सोडत जायची आणि दुसऱ्या टोकाला तो ओढायचा. आता तो थोडं ओढायचा, धावत जाऊन पलीकडून सोडायचा, पुन्हा धावत येऊन ओढायचा. शर्ट पाठीला चिकटला होता.

"सोडा हे," ती म्हणाली. "अर्धवट सोडा. बघू दे त्याला अंधारात बसून."

"अर्धवट सोडलं तर लोक मला नावं ठेवतील, त्याला नाही."

"त्यांनी गरज सरो आणि वैद्य मरो केलं, आणि तुम्ही औषधाचा चमचाही धुऊन देताय."

तो ओढत राहिला. ती दाराशी गेली, बाहेर कुणी नाही हे बघितलं, परत आली. आवाज खाली घेतला.

"मग एक करा. एक सांधा ढिला ठेवा. आतमध्ये. कुणाला कळणार आहे? वरून प्लॅस्टर झालंय. त्याचे फ्रीजर जळू देत. दिवे लपलप करू देत. हजारदा माणूस बोलवू देत. भिंतीतलं कोण बघतंय?"

त्यानं ओढणं थांबवलं. तिच्याकडे असं बघितलं की जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी बायको आहे.

"पाइपात मी सांधा देतच नाही," तो म्हणाला. "कधीच दिला नाही. आणि त्या घरात आई झोपणार आहे." मग पाणी प्यायला, तांब्या तिच्या हातात दिला आणि पलीकडे धावला.

काम त्यानं एकट्यानं पुरं केलं. ज्या दिवशी घराला वीज जोडली, त्या दिवशी थोरल्यानं लोकांना चहाला बोलावलं. सगळ्या खोल्यांतून दिवे लावून दाखवले. लोक भिंतींवरून हात फिरवत म्हणाले, "एक तार दिसत नाही." थोरला म्हणाला, "काम आमच्या घरचंच." धाकटा कोपऱ्यात कप घेऊन उभा होता. त्याला बरं वाटलं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच धाकटीला सहन होईना. ती चहा न घेता शेडमध्ये परतली. शेडमध्ये एकच दिवा होता, खांबावरून आणलेल्या जुन्या वायरीवर लोंबणारा. दुसऱ्यांच्या भिंती भरून देणाऱ्याच्या घरी वायर दाराच्या फटीतून आत येत होती.

म्हातारी पुढच्या खोलीत राहायला गेली. मेव्हण्याचे फ्रीजर आले. त्यानं मागच्या खोलीत भिंतीला लोखंडी मांडणी ठोकून घेतली. आणि एका सकाळी ओरडा झाला.

धाकटी धावत गेली तेव्हा म्हातारी मागच्या खोलीत ओल्या फरशीवर पडली होती. बसून खाते असं कुणी म्हणू नये म्हणून ती रोज ती खोली पुसायची. पुसता पुसता तिनं उठायला मांडणीचा आधार घेतला, आणि विजेनं तिला फेकून दिलं. शुद्धीवर होती. डावं मनगट भलतीकडेच वळलं होतं. थोरली किंचाळत होती, मेव्हणा मेन बंद करायला धावला होता, आणि थोरला मागच्या दाराशी येऊन, शेडच्या दिशेनं तोंड करून ओरडत होता, "ये! ये बघायला! भिंतीत करंट सोडलास ना? आईला मारायला निघालास?"

शेजारी जमले. धाकटा हातात टेस्टर घेऊनच पळत आला होता. थोरल्यानं त्याला उंबऱ्यावर छातीला धरून मागं ढकललं.

"मला बघू दे," धाकटा म्हणाला. "दादा, बघू दे फक्त. ती मांडणी कुणी ठोकली? कुठं ठोकली?"

"मांडणी लोखंडाची आहे. लोखंडात वीज असते का? भिंतीतून आली ती! भिंतीत तारा कुणी टाकल्या? मी?"

"खोल्या मिळाल्या नाहीत म्हणून डूख धरला," थोरली शेजारणींना सांगत होती. "आम्हाला काय माहीत, भिंतीत काय काय करून ठेवलंय."

"मी काही केलं नाही," धाकटा म्हणाला. पण हे तो इतक्या हळू म्हणाला की पहिल्या रांगेतल्या माणसांनाही नीट ऐकू गेलं नाही.

धाकटीनं ऐकलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. केलं यानं. शेवटी केलं. नाही नाही म्हणत केलं. म्हातारीचं मनगट बघून तिला भडभडून आलं, तिनंच म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, दवाखान्यात नेईपर्यंत तिचा हात फळीवर धरून ठेवला. आणि हे सगळं करताना आत एका बाजूला ती गोष्ट ऊब धरून बसली होती. आपल्या नवऱ्याला पाठीचा कणा आहे.

नंतरचे दिवस शेडमध्ये चमत्कारिक गेले. बाहेर धाकट्याचं तोंड काळं झालं होतं. ज्या घरात त्याचं काम चालू होतं त्यांनी निरोप पाठवला, सध्या राहू दे. एक दुकानदार तर त्याला बघून आपल्याच दुकानाच्या बोर्डाकडे संशयानं बघायला लागला. पण घरात धाकटी त्याच्याशी कधी नव्हे इतकी गोड वागत होती. गरम पाणी काढून द्यायची. पुढ्यात आधी त्याचं ताट यायचं. पत्रा तापला की त्याच्या पाठीशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालायची. त्याला वाटलं, आपल्यावर आळ आलाय म्हणून बिचारी जीव टाकतेय. त्याचे डोळे भरून यायचे.

"मी काही केलं नाही गं," तो एकदा म्हणाला.

"हो हो," ती म्हणाली. "बाहेर हेच सांगा." आणि त्याच्या खांद्यावर हात फिरवला. त्या हातात शाबासकी होती, हे त्याला कळलं नाही.

तो आईला बघायला दवाखान्यात गेला. मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. म्हातारीनं चांगल्या हातानं त्याचा गाल चाचपला. "तू केलं असशील तरी मी तुला काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "माझंही चुकलंच."

"आई, मी केलं नाही."

"बरं, बरं," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटले.

थोरल्यानं शहरातून वायरमन बोलावला. जाड चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस होता. धाकट्यानं थोरल्याच्या हातापाया पडून एवढंच मागितलं की भिंत फोडताना मला उभं राहू दे. शेजारीही आले, आळ घालताना होते, म्हणून निवाड्यालाही हजर. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आता सांधा दिसेल, आणि मग काय होईल हे तिला माहीत नव्हतं. पण ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहणार होती. तसं तिनं मनाशी ठरवलं होतं.

चष्मेवाल्यानं मांडणी खोलली. भिंतीत घुसलेला एकेक स्क्रू बाहेर काढला. बोर्डाच्या बरोबर वरचा स्क्रू काढून त्यानं उजेडात धरला. त्याच्या टोकाला तांबं चमकत होतं. मग त्यानं तिथलं प्लॅस्टर फोडलं. पाइपाला आरपार भोक होतं, आतली तार सोललेली होती. त्यानं भिंत वर, धाकटीनं मारलेल्या सरळ झिरीपर्यंत, आणखी फोडून बघितली, वायर बाहेर ओढून बोटांनी पूर्ण चाचपली.

"मांडणी कुणी ठोकली?" त्यानं विचारलं.

मेव्हणा म्हणाला, "एक सुतार आला होता."

"बोर्डाच्या डोक्यावर कधी ठोकायचं नाही. पाइप तिथूनच वर जातो." चष्मेवाल्यानं हात झटकले. "वायरिंगमध्ये काही खोट नाही. एकही सांधा नाही आत. ही तार बदला, हे बुजवा, संपलं."

एक शेजारी खाकरला. मेव्हण्यानं सवयीनं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. थोरला स्क्रूकडे बघत होता.

"पण तू सांगायला पाहिजे होतंस," तो शेवटी धाकट्याला म्हणाला. "पाइप कुठून जातो ते आधी सांगायला पाहिजे होतंस. सांगितलं असतंस तर हे घडलं नसतं." आणि चष्मेवाल्याला चहा विचारायला निघून गेला. शेजारीही पांगले. जाताना त्यांतल्या एकानं दुसऱ्याला सांगितलेलं धाकटीच्या कानावर आलं, "काही म्हणा, भावाचं काम भावानं करूच नये."

धाकटा उघड्या भिंतीसमोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. त्यानं वळून बायकोकडे बघितलं.

तिनं चेहरा सावरला, पण उशीर झाला होता. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. बाजारातून आणलेली वस्तू घरी येऊन उघडावी आणि ती रिकामी निघावी, तसं तिचं तोंड झालं होतं.

शेडमध्ये आल्यावर तो खाटेच्या कडेला बसला. तिनं चूल पेटवायला घेतली.

"तुलाही वाटलं होतं," तो म्हणाला.

तिनं चुलीत काटकी सरकवली.

"म्हणून पाणी काढून देत होतीस. म्हणून वारा घालत होतीस."

"हो," ती म्हणाली.

"आईचं मनगट मोडलं होतं."

"हो. वाईट वाटलं मला. पण त्याच्याखाली बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू? आयुष्यात एकदा तुम्ही कुणाचं तरी काहीतरी बिघडवलंत, असं वाटलं." तिनं फुंकर घातली. धूर तिच्या तोंडावर आला. "आता कळलं की नाही बिघडवलंत."

"मग मी बिघडवायला पाहिजे होतं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबरच केलंत. तुम्ही नेहमी बरोबरच करता."

त्याला यापेक्षा शिवी परवडली असती.

सकाळी म्हातारी आली. गळ्यात झोळी, झोळीत प्लॅस्टरचा हात. शेडच्या दाराशी ती वाकून म्हणाली, "थोरला म्हणतोय, ती तार बदलून भिंत बुजवून दे. शहरातला माणूस परत बोलवायचा म्हणजे पुन्हा खोळंबा. आणि म्हणतोय, तुझ्याच हातचं बरं."

"दुसरं कुणी बघा म्हणावं," धाकटी आतून म्हणाली.

"तुला कोण बोलवतंय? मी माझ्या लेकाशी बोलतेय."

धाकटा कोपऱ्यातली पिशवी शोधत होता. थापी घेतली, पक्कड घेतली, वायरीचं उरलेलं वेटोळं घेतलं.

"अहो," धाकटी म्हणाली. "तुम्ही आज तिथं गेलात, तर मी शहरात जाते. तो चष्मेवाला काल जाताना विचारत होता, वरची ती सरळ झिरी कुणी मारली म्हणून. त्याला माणूस पाहिजे. तुम्हाला घेणार नाही, म्हणाला. तुमचं नाव तिथवर गेलंय, गिऱ्हाईक बिचकतं. मला घेतो म्हणाला. तिथं खोली बघेन."

हे तिनं रात्रभर गिळून ठेवलं होतं. तो पिशवीचे बंद हातात धरून उभा राहिला. म्हातारी दारात होती, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत. तो काही बोलेल म्हणून धाकटी थांबली. नको जाऊस, असं म्हणाला असता तरी चाललं असतं. मी पण येतो, म्हणाला असता तर तिनं पिशवी स्वतः उचलली असती.

"उघडी तार आहे, गं," तो म्हणाला. "घरात माणसं आहेत."

आणि म्हातारीला आधार देत, तिच्या चालीनं हळूहळू, तो घराकडे गेला.

शहरातलं बांधकाम एका चार मजली इमारतीचं होतं. भिंती नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या, ओल्या विटेचा वास येत होता. चष्मेवाल्यानं तिला खोली दाखवली, भिंतीवरच्या निळ्या रेघा दाखवल्या. तिनं फडकं बांधलं. छिन्नी नवी होती, हाताला जड वाटली.

"कुणी सोबत नाही?" त्यानं विचारलं. "नवरा कुठं असतो?"

तिनं छिन्नी रेघेवर टेकवली, एकदा हलकेच ठोकून अंदाज घेतला.

"भावाकडे असतो," ती म्हणाली, आणि घाव घातला.